हिरवी गाडी भंगारात जाणार नाही

चालती गाडी मोडणं हा गुन्हा आहे. २००९च्या मार्चमध्ये जर्मनीत, र्युसेल्सहाइममधल्या एका छपराखालच्या खोलीत बसून मी हे वाक्य लिहिलं, आणि आजही त्यातला एक शब्द बदलायला मी तयार नाही.

त्या वर्षी मंदी होती. कारखान्यांच्या आवारात न विकलेल्या गाड्यांच्या रांगा उभ्या होत्या. मग जर्मन सरकारने शक्कल काढली: नऊ वर्षांहून जुनी गाडी भंगारात द्या, नवी घ्या, आम्ही घसघशीत बक्षीस देतो. योजनेच्या सरकारी नावात पर्यावरण होतं. पर्यावरणाच्या नावाखाली काय काय खपवतात ते मी पुण्यातच पाहिलं होतं, त्यामुळे त्या नावाला मी भुलले नाही. लोकही भुलले नसावेत, कारण बोलताना सगळे सरळ 'आबव्राकप्रेम्ये' म्हणायचे. आबव्राक म्हणजे मोडीत काढणं, प्रेम्ये म्हणजे बक्षीस. काकूंनी बातम्यांमध्ये हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा हातातली पोळी तव्यावर तशीच ठेवून त्या बाहेर आल्या.

"काय म्हणाला तो? मोडायचं आणि वर त्याला प्रेम म्हणायचं?"

"प्रेम नाही गं, प्रेम्ये," काका म्हणाले. "बक्षीस."

"तेच ते. मोडणाऱ्याला बक्षीस. कसली माणसं ही."

काका-काकू म्हणजे माझे घरमालक. काका चिंचवडचे, मेकॅनिकल इंजिनियर, ऐंशीच्या दशकात जर्मनीत आले ते गिअरबॉक्सच्या डिझाइनमध्येच मुरले. काकू पुण्याच्या, सदाशिव पेठेतल्या, एका शाळेत गणित शिकवणाऱ्या. लग्नानंतर ते सुटलं. त्यांची मुलगी कोलोनला नोकरी करायची. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचे. गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या एका कंपनीत माझं शिक्षणाच्या शेवटच्या वर्षाचं काम चालू होतं. त्याआधी पुण्यात कॉलेजची चार वर्षं मी पत्रकं वाटत होते. फुटपाथ द्या, बस वाढवा, झाडं तोडू नका. पत्रक लिहायला शिकले ते तिथेच. आरोप आधी, पुरावा नंतर, मागणी शेवटी, आणि वाचणाऱ्याने कागद चुरगळून टाकायच्या आत सगळं सांगून झालं पाहिजे.

मित्रमैत्रिणी मला विचारायच्या, तू गाड्यांच्या विरोधात पत्रकं काढतेस आणि सुट्टीत मामाच्या गॅरेजमध्ये जाऊन इंजिन उघडतेस, हे काय? यात विसंगती मला कधीच दिसली नाही. मला गाड्या आवडतात म्हणूनच त्या वाया घालवणाऱ्यांचा संताप येतो. ज्याला जेवण आवडतं तो ताटात टाकत नाही. इतकं साधं आहे.

तर ती गाडी. गडद हिरवी, छोटी, तीन दारांची, पंधरा वर्षं वापरलेली. खिडक्या हाताने फिरवायच्या. पाच गिअर, आणि तिसरा जरा समजूत घातल्याशिवाय पडायचा नाही. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, कारण कंपन्यांच्या भक्तांशी भांडायला मला वेळ नाही. अमक्याची गाडी कधी बंद पडत नाही, तमक्याची गाडी म्हणजे डोकेदुखी, अशी वाक्यं मी इथल्या मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात बटाटेवड्याबरोबर ऐकली आहेत. बोलणाऱ्याने स्वतःच्या गाडीचं बॉनेट शेवटचं कधी उघडलं ते विचारलं की संभाषण संपतं.

माझं मत असं की कधीच न बिघडणारी गाडी नसते, आणि असली तरी तिच्यावर विसंबू नये. विश्वासार्ह हा माहितीपत्रकातला शब्द आहे. आपण बोलताना भरवसा म्हणतो, आणि भरवसा ओळखीतून येतो. काकूंना हिरव्या गाडीचा आवाज न् आवाज माहीत होता. पावसात पहिल्यांदा चालू करताना ती कशी खोकते, डावीकडे वळताना मागून कुठली कुरकुर येते, कुरकुर कधी नेहमीची आणि कधी वेगळी. काही बिघडणार असेल तर ती आठवडाभर आधी सांगायची. काकांच्या कंपनीने त्यांना दिलेली भलीमोठी गाडी तसं काही सांगायची नाही. ती अगदी गप्प असायची आणि एके दिवशी हायवेवर एक पिवळा दिवा लावून मुकाट्याने कडेला थांबली. दिव्याचा अर्थ काय, तर वर्कशॉपला जा. हे काय उत्तर झालं? माझं पोट दुखतंय म्हटल्यावर डॉक्टरने दवाखान्यात जा म्हणावं, तसं. त्या दिवशी काकांना आणायला काकू हिरवी गाडी घेऊनच गेल्या होत्या. काका जन्मभर गाड्या बनवत आले, त्यामुळे त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

एप्रिलमध्ये हिरव्या गाडीची तपासणी होती. जर्मनीत दर दोन वर्षांनी गाडी तपासून घ्यावी लागते. पास झाली तर मागच्या नंबरप्लेटवर नवा गोल स्टिकर, म्हणजे प्लाकेटे, चिकटवतात. नाही झाली तर रस्त्यावर आणायची नाही. एका रविवारी जेवताना काका म्हणाले, "मी काय म्हणतो, ती तपासणी-बिपासणी आता कशाला? ऑक्टोबरात मी रिटायर होतोय. कंपनीची गाडी परत द्यावी लागेल. ही हिरवी मोडीत देऊ आणि प्रेम्ये घेऊन एक चांगली घेऊ. दोघांत एक गाडी पुरे."

काकूंनी कोशिंबिरीचं भांडं पुढे सरकवलं आणि विचारलं, "कुठली?"

"चंदेरी बघून आलोय मी. ऑटोमॅटिक. सहा एअरबॅग. मागे कॅमेरा. रंग तुला हवा तो सांग."

 सगळं ठरवून आल्यावर बायकोला विचारायचं काय, तर रंग! मी काकांना तसं तोंडावर म्हटलं. काका रागावत नसत, हा त्यांचा मोठा गुण. ते म्हणाले, "या, पुढारीणबाई. बोला. मोर्चा कधी काढताय?"

मोर्चा नाही काढला, पण त्याच रात्री पत्रक लिहून काढलं. मराठी मंडळाचा पाडवा दोन आठवड्यांवर होता आणि तिथे येणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या घरी हीच चर्चा चालली असणार याची मला खात्री होती. मी लिहिलं की गाडी बनवताना जे लोखंड वितळतं, जो धूर निघतो, तो नव्या गाडीच्या नळीतून दिसत नाही म्हणून नसतो असं नाही. शहराबाहेरच्या भंगाराच्या आवारात मी स्वतः जाऊन आले होते, तेही लिहिलं. एकावर एक रचलेल्या गाड्या, त्यातल्या कित्येकांची इंजिनं आणखी दहा वर्षं चालली असती. एकीच्या मागच्या काचेवर पोराने चिकटवलेली चित्रं तशीच होती. किंमत आणि मोल या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, असंही लिहिलं. किंमत दरवर्षी उतरते, ती बाजार ठरवतो. मोल वापरणारा ठरवतो आणि ते दरवर्षी चढू शकतं.

सकाळी पत्रक काकांना वाचायला दिलं. विरोधकाला आधी दाखवायचं हा माझा नियम. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं.

"एका परिच्छेदात चार उद्गारचिन्हं आहेत," ते म्हणाले. "इंजिन ठोकतंय तुझं."

"मुद्द्यावर बोला, काका."

"मुद्द्यावर बोलतो. तुझ्या या लाडक्या गाडीत एअरबॅग एकच आहे, तीही पंधरा वर्षांपूर्वीची. तुझी काकू साठीला आली. समोरून ट्रक आला तर तुझं मोल-बिल काय करायचं मी? तिथे बसून वाचायचं हे पत्रक?"

 काका पैशासाठी हे करत नव्हते, ते घाबरले होते, एवढं मला त्या क्षणी दिसलं. पण घाबरलेला माणूससुद्धा दुसऱ्याच्या वतीने परस्पर निर्णय घेतो तेव्हा मला ते पटत नाही, आणि मी तेही सांगितलं.

कोलोनहून मुलीचा फोन आला तेव्हा काकूंनी स्पीकर लावला होता. काकू मराठीत बोलायच्या, मुलगी जर्मनमध्ये उत्तर द्यायची, तसंच चालायचं त्यांचं. ती म्हणाली, "ममा, एस इस्ट नूर आइन आउटो." म्हणजे ती नुसती एक गाडी आहे.

फोन ठेवल्यावर काकू मला म्हणाल्या, "बघितलंस? 'एस' म्हणाली. यांच्या भाषेत गाडी नपुंसकलिंगी. ते म्हणे. आता 'ते' मोडायला कुणाला काय वाटणार?"

मी लगेच पेन काढलं. हे पत्रकात घालू का म्हणून विचारलं.

"घाल बाई काय घालायचं ते. पण माझं ते नाहीच." काकू कांदा चिरत होत्या. मान वर न करता पुढे बोलल्या. "गंज, धूर, लोखंड, तुझं ते सगळं खरं असेल. मला एवढंच कळतं, दोघांत एक गाडी झाली की ते चालवणार आणि मी बाजूला बसणार."

"तुम्ही पण चालवा ना नवी."

"चालवेन की. ते आजारी पडले तर." मग सुरी थांबली. "पंचेचाळिसाव्या वर्षी शिकले मी. दोनदा नापास झाले. त्याआधी दहा वर्षं मी बाजूला बसत होते. बाजूला बसलं ना, की मी पिशवी होते गं. मांडीवर पर्स, हातात नकाशा आणि तोंड बंद. दूध आणायला सुद्धा हे ऑफिसातून यायची वाट बघायची. मुलीला ताप असताना बर्फात बसस्टॉपवर उभी राहिले आहे. ही गाडी आली आणि मी बाहेर पडले."

बाहेर पडून काकू कुठे कुठे जायच्या ते मला माहीत होतं. पुण्या-मुंबईहून सॉफ्टवेअरवाल्या नवऱ्यांच्या मागे नव्याने आलेल्या मुली पहिले काही महिने काकूंच्याच भरवशावर असायच्या. पत्ता नोंदवायला कचेरीत, डॉक्टरकडे, फ्रँकफुर्टला भेंडी आणि कढीपत्ता आणायला. त्यातल्या एकीलाही बस कुठून सुटते हे विचारायला लाज वाटायची नाही, कारण काकू म्हणायच्या, "बस शिकशील हळूहळू, आज चल माझ्याबरोबर." आसपासची कितीतरी मराठी बाळं दवाखान्यातून पहिल्यांदा घरी आली ती याच हिरव्या गाडीच्या मागच्या सीटवरून. आता ती बाळं शाळेत जातात आणि मराठीत विचारलं तरी जर्मनमध्ये उत्तरं देतात.

मी पत्रक फाडलं नाही. पाडव्याला वाटलंही. तिघांनी वाद घातला आणि बाकीच्यांनी त्यावर श्रीखंडाचे डाग पाडले. पण त्या दिवसापासून माझं भांडण लोखंडासाठी राहिलं नव्हतं.

काका न्यायी माणूस. त्यांनी स्वतःच तोड काढली. गाडी तपासणीला न्या. पास झाली तर दोन वर्षं तिचं नाव काढणार नाही, नापास झाली तर मोडीत. "यंत्राचा निर्णय यंत्रच देईल," ते म्हणाले. इंजिनियर लोकांना असं काहीतरी बोललं की फार बरं वाटतं. काकू हो म्हणाल्या. मीही म्हणाले, कारण मला माझ्या हातांवर विश्वास होता.

पुढचे दोन आठवडे संध्याकाळी मी अंगणात गाडीखाली असायचे. पुढचे ब्रेकपॅड बदलले. मागचा एक दिवा जात-येत होता, त्याची वायर साफ केली. सायलेन्सरचं तुटलेलं रबर बदललं. दारांखालची पट्टी हातोडीने ठोकून बघितली, कुठे पोकळ वाजत नव्हती. हँडब्रेक ओढून बघितला, दांडी छान कडक वर आली. टायर ठीक. काकू शेजारी स्टुलावर बसून मला कामाच्या मधेमधे चिवडा भरवायच्या, कारण माझे हात काळे असायचे. "आमच्या वेळी मुलींना असलं कुणी शिकवलं असतं तर," त्या एकदा म्हणाल्या आणि वाक्य तिथेच सोडून पुढचा घास माझ्या तोंडात घातला. असं अपुरं वाक्य ऐकलं की मला पूर्वी पुढचं लिहायची खाज सुटायची. त्या दिवशी मी नुसती चावत राहिले.

तपासणीच्या दिवशी काका ऑफिसला गेले होते. मी आणि काकू गेलो, काकू चालवत होत्या. तपासणारा माणूस पन्नाशीचा, मिशीवाला, कमी बोलणारा. दिवे झाले, हॉर्न झाला, काचा झाल्या. मग त्याने बॉनेट उघडलं, टॉर्च मारला आणि त्याचा चेहरा पडला.

बॉनेटच्या आत, दोन्ही बाजूंना, पुढच्या चाकांच्या वर पत्र्याचे दोन घुमट असतात. स्प्रिंग वरून तिथेच टेकते, सगळं वजन तिथे येतं. गाडीचे खांदेच म्हणा. ते गंजले तर विषय संपला. आणि दोन्ही घुमटांवर तांबूस तपकिरी, जाड, चिकट थर बसला होता.

"रोस्ट," तो म्हणाला. गंज. "हे फार वाईट आहे."

 दोन आठवडे मी खालून बघत होते, आणि वरचं ते मी तेल-धुळीचा राप समजून सोडलं होतं.

"नाही हो," काकू शांतपणे जर्मनमध्ये म्हणाल्या. "हा गंज नाही. ही पूजा आहे."

"काय आहे?"

काकू माझ्याकडे वळल्या. "सांग गं त्यांना. दर दसऱ्याला मी हळदकुंकू वाहते. बाहेरून बॉनेटवर लावलं तर यांच्या ऑफिसातले लोक विचारतात हे काय, हे अवघडतात. म्हणून आत लावते. ते मधे नट आहेत ना दोन्हीकडे, मला सुपारी मांडल्यासारखे दिसतात. आधी तेलाचं बोट लावायचं, म्हणजे कुंकू टिकतं."

मी जर्मनमध्ये सांगायला लागले. माझ्या अभ्यासाच्या जर्मनमध्ये हळदकुंकू नव्हतं. मी म्हणाले की एक लाल पूड असते, वर्षातून एकदा यंत्रांचे आभार मानायचा दिवस असतो, आणि काकूंनी प्रत्येक वर्षी आभार मानले आहेत. तो ऐकत राहिला. मग त्याने खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि टोकाने थर खरवडला. सालपट निघालं. खाली कारखान्यातून आलेला हिरवा रंग, कालच लावल्यासारखा. त्याने चिंधीने दुसरी बाजू पुसली. तिथेही तसाच.

"या वयाच्या गाडीत मी असे घुमट पाहिलेले नाहीत," तो म्हणाला आणि काकूंना विचारलं, "ही पूड कुठे मिळते?"

तेलामुळे हे झालं, पूड कुठलीही चालली असती, हे मी तिथेच दोघांनाही स्पष्ट केलं. कुणी ऐकून घेतलं नाही.

आम्ही जिंकलो होतो. काकूंनी माझा हात दाबला. मग ब्रेकची पाळी आली. जमिनीत रूळ असतात, त्यावर चाकं ठेवायची. रूळ फिरतात आणि ब्रेक किती धरतो ते समोरच्या काट्यावर दिसतं. पायाचा ब्रेक उत्तम. मग तो म्हणाला, "आता हँडब्रेक."

काकूंनी दोन्ही हातांनी ओढला. उजवा काटा वर गेला. डावा जागचा हलला नाही.

"पुन्हा."

पुन्हा तेच.

तो खिडकीपाशी आला. "तुम्ही हा वापरत नाही का?"

"नाही," काकू म्हणाल्या. "गाडी गिअरमध्ये ठेवते. माझ्या नवऱ्याने सांगितलंय, हँडब्रेक ओढायचा नाही, थंडीत गोठतो."

"कधी सांगितलं?"

"गाडी घेतली त्या पहिल्या हिवाळ्यात."

"बरोबर सांगितलं. पण उन्हाळ्यात?"

काकूंनी क्षणभर विचार केला. "उन्हाळ्याचं ते काही बोलले नाहीत."

मिशीवाला हसला, पण प्लाकेटे दिली नाही. देता येतच नव्हती. दोन वर्षांतून एकदा तपासणीत ओढला जायचा तेवढाच वापर, त्यामुळे डाव्या बाजूची केबल अखेर आपल्या नळीत आवळून बसली होती. दुरुस्त करून महिन्याच्या आत पुन्हा आणा, तो म्हणाला. घुमटांना जाताना त्याने एकदा हात लावून पाहिला.

घरी येतानाही काकूच चालवत होत्या. मी मनात वाक्यं जुळवत होते. किरकोळ दोष आहे, गाडीचा नाही केबलचा दोष आहे, अटीचा हेतू बघा शब्द बघू नका. चांगले मुद्दे होते. संध्याकाळी काका आले, बूट काढता काढता त्यांनी विचारलं, "काय झालं?"

"नापास," काकू म्हणाल्या.

काकांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग काकूंकडे. आवाज खाली आणून म्हणाले, "वाईट वाटलं. पण ठरलंय आपलं."

मी तोंड उघडलं. काकूंनी हात करून मला थांबवलं. मला असं कुणी थांबवलं की मी सहसा थांबत नाही.

"अहो, का नापास ते विचारा ना."

"का?"

"हँडब्रेक. तुम्ही म्हणालात ओढू नकोस. मी ओढला नाही. पंधरा वर्षं. उन्हाळ्यात सुद्धा."

काकांचा एक बूट हातातच राहिला. "अगं, ते... ते थंडीपुरतं होतं. शून्याखाली गेलं तर."

"तुम्ही तसं म्हणाला नव्हता."

"पण एवढं तर कॉमन..." ते थांबले.

"मला गाडीतलं काय कळत होतं तेव्हा? तुम्ही इंजिनियर. तुम्ही म्हणालात ते मी धरून चालले." काकूंचा आवाज चढलेला नव्हता. त्या शाळेत गणित असंच शिकवत असाव्यात, पायरी पायरीने. "न वापरल्यामुळे तो ब्रेक आवळून बसला, असं तो माणूस म्हणाला. चांगला होता, कुणी ओढलाच नाही म्हणून बसला. मला बाजूच्या सीटवर घातलंत ना, तर मीही अशीच बसेन. मग मला कुठल्या तपासणीला न्याल? मी गाडी मोडीत देणार नाही. अट मी मोडते. तुम्हाला काय म्हणायचं ते म्हणा."

काकांनी बूट खाली ठेवला. मग दुसरा काढला आणि दोन्ही जोडीने नीट लावले. आयुष्यात मी कितीतरी पत्रकं लिहिली, त्यानंतरही लिहिली, पण समोरचा माणूस असा बदलताना मी तेवढा एकदाच पाहिला. आणि त्यात माझी एक ओळ नव्हती.

"केबल दोन्ही बाजूंची बदलावी लागेल," शेवटी ते म्हणाले. "एकच बदलली तर ओढ सारखी येणार नाही."

शनिवारी सकाळी ते तळघरातून जुनी पँट घालून आले. ती पोटावर बसत नव्हती, वर दोरी बांधली होती. पंचवीस वर्षं या माणसाने गिअरबॉक्स पडद्यावर काढले होते. गाडीखाली शेवटचे कधी गेले होते त्यांनाच आठवत नव्हतं. मी गाडी मागून उचलून ठोकळ्यांवर ठेवली. ते कण्हत कण्हत खाली गेले. जुनी केबल ओढून काढताना त्यांनी एक शिवी दिली, ती चिंचवडची होती, आणि काकू खिडकीतून म्हणाल्या, "अहो, शेजारी जर्मन आहेत म्हणून काहीही बोलू नका, पुढारीण आहे तिथे."

मी पाने देत होते. खरं तर ते काम मी अर्ध्या वेळात केलं असतं. मी तसं बोलले नाही. मला बोलल्याशिवाय राहवत नाही असं समजणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

नवी केबल बसवली की तिचा ताण लावावा लागतो, आणि ते एकट्याने होत नाही. एकजण आत बसून दांडी ओढतो, दुसरा खाली चाक फिरवून बघतो. मी आत जायला निघाले तर काका खालून म्हणाले, "तू नको. तिला बोलव."

काकू हात पुसत आल्या आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या.

"ओढ."

"ओढला."

"सोड. आता हळू ओढ, आवाज ऐकत. कट-कट होते ना, ते दाते आहेत. एकेक."

"एक... दोन... तीन..."

"धरला उजवा. थांब. डावा जरा आवळतो." खालून पान्याचा आवाज. "पुन्हा."

"अहो, किती जोरात ओढू?"

"तुला वाटेल तेवढा. तूच वापरणार आहेस."

पुढच्या आठवड्यात त्याच मिशीवाल्याने प्लाकेटे चिकटवली, ते इथेच सांगून टाकते. पण मला आठवतो तो शनिवार. काम झाल्यावर काकू म्हणाल्या, आत्ताच बघायचं, धरतो की नाही. आमचं गाव सपाट. चढ म्हणाल तर माइन नदीच्या बांधावर जाणारा डांबरी रस्ता, तो आमच्या गल्लीच्या टोकालाच. काकूंनी गाडी काढली. काका काळ्या हातांनी बाजूच्या सीटवर बसले, काही धरायचं नाही म्हणून हात वर धरून. मी मागे.

निम्म्या चढावर काकूंनी गाडी थांबवली. हँडब्रेक ओढला, गिअर काढला. मग पाय उचलले.

"उचललेस?" काकांनी विचारलं.

"उचलले."

"दोन्ही?"

"दोन्ही, अहो. बघा की."

त्यांनी वाकून बघितलं. काकूंचे पाय सीटच्या कडेपाशी जमिनीपासून वर लोंबत होते, लहान मुलीसारखे. गाडी जागची हलली नाही. समोर नदीवरून एक मालवाहू बोट हळूहळू चालली होती. कुणाला घाई नव्हती.

"ऑक्टोबरात माझी गाडी जाईल परत," काका समोर बघत म्हणाले. "दाताच्या डॉक्टरकडे जायचं असतं मला, दर महिन्याला, गुरुवारी. सोडशील का?"

"गुरुवारी नाही जमायचं," काकू म्हणाल्या. "गुरुवारी नव्या मुलींच्या तपासण्या असतात, आत्ता एकीला सातवा चालू आहे, तेव्हा दुसरी कुणी असेल. बुधवारची वेळ घ्या."

"बुधवारची मिळाली नाही तर?"

"मिळेल. मी फोन करते त्यांना." त्यांनी पहिला गिअर टाकला, हँडब्रेक सोडला आणि क्लच इतका अलगद सोडला की गाडी एक बोटभरही मागे आली नाही.